आठ वाजता कबड्डी, बॉक्सिंग कधी?

अंधेरी पश्चिमेचं शहाजीराजे क्रीडासंकुल, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हणतात ते. ११ मार्च २०१२ रोजी तिथे बॉब सॅप नावाचा अवाढव्य अमेरिकी गडी जेम्स थॉम्पसन या ब्रिटिश लढवय्यासमोर उभा राहिला आणि दोन मिनिटं व्हायच्या आत पाय दुखावला म्हणून हार मानून मोकळा झाला. राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या ‘सुपर फाइट लीग’चा तो पहिला दिवस. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, कुस्ती असं सगळं एकत्र घुसळलेला हा खेळ. त्यामागचा हिशेब सोपा होता. लोकांना मारामारी आवडते, टीव्ही घरोघरी आहे. पडद्यावर दाखवत राहिलं की आज ना उद्या त्यातून आपला एखादा टायसन निघेलच.

टायसन काही निघाला नाही. लीगने रूपं बदलून पाहिली, २०१७ मध्ये संघ पाडून पुन्हा डाव मांडला, नंतर ती विस्मरणात गेली. तिच्याशी नाव जोडलेली आणि पुढे खरोखर प्रसिद्ध झालेली एक मुलगी मात्र आहे, मुंबईची रितिका सिंग. किकबॉक्सिंग करणारी, या लीगमध्ये उतरलेली. सुधा कोंगरा या तमिळ दिग्दर्शिकेला आपल्या चित्रपटासाठी खरी बॉक्सर हवी होती आणि लीगमुळे तिची नजर रितिकावर गेली. २०१६ मध्ये ‘इरुधी सुत्रु’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘साला खडूस’ आली. राष्ट्रीय पुरस्कारांत रितिकाचा विशेष उल्लेख झाला आणि ती दक्षिणेत नायिका म्हणून स्थिरावली. पडद्याने एका लढणाऱ्या मुलीला स्टार केलं, पण रिंगमधून बाहेर काढून.

फुकटात टीव्हीवर दिसल्याने बॉक्सर मोठा होतो का, हा वाद जगभर जुना आहे. एका बाजूला म्हणतात, पैसे भरून बघायच्या भिंतीआड खेळ कोंडला की नवा प्रेक्षक येणार कुठून? दुसरी बाजू म्हणते, फुकट दिलेल्या वस्तूची किंमत कोण ठेवतो? मला हा वादच थोडा चुकीच्या टोकाला धरलेला वाटतो. आणि तसं का वाटतं, हे कळायला मुंबईच्या उपनगरांसारखी दुसरी जागा नाही. टीव्ही इथेच बनतो, गोरेगावच्या फिल्मसिटीत आणि अंधेरीच्या स्टुडिओंत. आणि टीव्हीमुळे एका देशी खेळाचं नशीब कसं पालटलं, तेही इथल्याच चाळींनी आणि मंडळांनी जवळून पाहिलंय.

*

आधी दारासिंग. आपल्याकडे रिंगमधून आलेला त्यांच्याएवढा मोठा स्टार झाला नाही आणि ते स्टार झाले तेव्हा मुंबईत दूरदर्शन नव्हतं. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकी पैलवान लू थेझला हरवलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. कुस्त्यांची तिकिटं काढून माणसं जात, ज्यांना जाता येत नसे ते दुसऱ्या दिवशी पेपर वाचत, आणि मग सिनेमा. १९६२च्या ‘किंगकाँग’पासून दारासिंग पडद्यावर अंगावरचा शर्ट फाडत राहिले. वर्षाला चार-पाच चित्रपट, प्रत्येक गावात, प्रत्येक टूरिंग टॉकीजमध्ये. आज कोल्हापूर, उद्या भुसावळ, परवा नांदेड. २५ जानेवारी १९८७ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा पन्नाशी उलटलेले दारासिंग हनुमान झाले आणि ज्या पिढीने त्यांची एकही कुस्ती पाहिली नव्हती, तिने टीव्हीसमोर हात जोडले. जुहूत राहणाऱ्या या पैलवानाला फुकटच्या टीव्हीने नवा जन्म दिला खरा. पण त्याआधीची पंचवीसेक वर्षं ते लोकांच्या डोळ्यांसमोरून हलले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

नव्वदीत केबल आली. गच्च्यांवरून वायरी ओढल्या गेल्या, केबलवाल्याचा पोरगा महिन्याच्या महिन्याला पैसे न्यायला येऊ लागला. एकदा पैसे दिले की सगळं सारखंच, मग क्रिकेट बघा, इंग्रजी सिनेमा बघा नाहीतर डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती. उपनगरातल्या मध्यमवर्गासाठी ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ हाच होता, वेगळे पैसे न मोजता. त्या काळात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. अंडरटेकरची उंची किती, योकोझुनाचं वजन किती, हे पत्त्यांच्या ट्रम्पकार्डांवरून तोंडपाठ असे. वर्गात मागच्या बाकावर ‘हाइट’, ‘वेट’, ‘रँक’ असा जुगार चाले. त्याच सुमारास पुण्याचे गोपाळ देवांग आणि मनोज पिंगळे हे अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचलेले बॉक्सर हयात आणि कार्यरत होते. त्यांचं ट्रम्पकार्ड कुणी छापलं नाही. एकीकडे ठरवून खेळलेली नाटकी कुस्ती, दुसरीकडे खरे ठोसे, तरी पोरांनी निवडलं नाटक. कारण नाटक दर आठवड्याला येई. तीच माणसं, तेच वैर, मागच्या भागात काय झालं ते या भागात पुढे जाई.

*

आता ऑलिंपिक. ऑगस्ट २००८, बीजिंग. अभिनव बिंद्राचं सुवर्ण येऊन गेलेलं. २० तारखेला विजेंदरसिंगने एक्वाडोरच्या कार्लोस गोंगोराला हरवलं आणि पदक पक्कं झालं. दोन दिवसांनी क्यूबाच्या एमिलिओ कोरेयाकडून तो हरला, कांस्य घेऊन आला. भारतीय बॉक्सिंगचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. अखिल कुमार, जितेंदर कुमार हेही त्या दिवसांत घरोघरी पोहोचले, कारण ऑलिंपिक दूरदर्शनवर होतं आणि दूरदर्शन सगळ्यांकडे होतं. ऑलिंपिक, राष्ट्रकुल, आशियाई अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावं, असा २००७चा कायदाच आहे.

लंडन २०१२ तर याहून बोलकं. मेरी कोमने तोवर पाच वेळा जगज्जेतेपद मिळवलं होतं: २००२, २००५, २००६, २००८, २०१०. पाच! दुसऱ्या कुठल्या खेळात असं झालं असतं तर चौकाला नाव दिलं असतं. बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये रस्त्यावर उभं राहून २०११ साली मेरी कोम कोण असं विचारलं असतं, तर किती जणांनी सांगितलं असतं, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या आठवणीतून करावा. लंडनला महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, मेरीने ५१ किलोत कांस्य घेतलं, सारा देश टीव्हीसमोर होता. दोन वर्षांनी प्रियांका चोप्राचा ‘मेरी कोम’ आला, २०१६ मध्ये मेरी राज्यसभेत गेली. पाच सोन्याच्या पदकांनी जे जमलं नाही ते एका कांस्याने जमवलं, कारण ते सगळ्यांनी बघितलं.

फुकटच्या टीव्हीच्या बाजूने याहून भक्कम पुरावा मिळायचा नाही. पण पुढे काय झालं, ते बघा.

डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय बॉक्सिंग संघटनेला निवडणुकीतल्या गैरप्रकारावरून निलंबित केलं. नवी संघटना उभी राहायला सप्टेंबर २०१६ उजाडलं. म्हणजे जेव्हा देशातलं प्रत्येक पोर मेरी आणि विजेंदरचं नाव घेत होतं, नेमक्या त्याच चार वर्षांत खेळाचा कारभार विस्कटलेला होता. प्रेक्षक तयार झाला आणि त्याला पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, कुठे बघायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. विजेंदरने मधल्या काळात रिअ‍ॅलिटी शोमध्ये हजेरी लावली, ‘फगली’ नावाचा सिनेमा केला. त्याला नावं ठेवणारे खूप होते. पण लोकांना चेहरा दिसत राहावा म्हणून तो बिचारा दुसरं काय करणार होता?

*

हे सगळं कबड्डीशेजारी ठेवून पाहिलं की चित्र उघडतं.

उपनगरांत कबड्डी कधी नव्हती असं नाही. जोगेश्वरीपासून कांदिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मंडळांची मैदानं, रात्रीचे सामने, हॅलोजनच्या दिव्यांखाली उडणारी धूळ. बँका, रेल्वे, तेलकंपन्या, महिंद्र यांच्या संघांत खेळलं की नोकरी लागे. चांगल्या चढाईपटूला त्याच्या गल्लीत मान असे, गल्लीबाहेर कुणी ओळखत नसे. २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. चारू शर्मा आणि आनंद महिंद्र यांची कल्पना, स्टार वाहिनीचा पडदा. पहिल्याच मोसमात तब्बल ४३.५ कोटी प्रेक्षकांनी ती पाहिल्याचा आकडा आला. त्या वर्षी आयपीएलच तेवढी पुढे होती.

लोक म्हणाले, बघा, टीव्हीने कबड्डी वाचवली. बरोबर आहे. पण टीव्हीने नेमकं काय केलं, हे कुणी फारसं पाहिलं नाही. टीव्हीने रोज रात्री आठची वेळ दिली. पाच आठवडे, रोज, तीच माणसं. भाकरी थापता थापता बघता येईल अशी. आजी, सून, नातू, तिघांनाही तीस सेकंदांची चढाई कळते, त्यात सांगायचं काय? राकेश कुमार पहिल्या लिलावात १२ लाख ८० हजारांना सर्वांत महाग ठरला होता. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला. स्टारने २०१७ मध्ये ‘स्टार स्पोर्ट्स फर्स्ट’ ही खरोखर मोफत वाहिनीही काढली, तिच्यावरूनही कबड्डी गेली.

रिशांक देवाडिगा हा सांताक्रूझचा मुलगा. पहिले मोसम यू मुंबात, मग यूपी योद्धाकडे. २०१७ मध्ये जयपूरविरुद्ध एकाच सामन्यात चढाईचे २८ गुण त्याने घेतले, तेव्हाचा तो विक्रम. पुढच्या वर्षी त्याची किंमत झाली १ कोटी ११ लाख. त्या २०१७च्या मोसमात प्रत्येक संघ साखळीतच २२ सामने खेळला, तीन महिन्यांत. म्हणजे रिशांक आवडो न आवडो, तो आठवड्याला जवळजवळ दोनदा समोर येणारच. पहिल्या आठवड्यात ‘हा कोण?’, तिसऱ्या आठवड्यात ‘हा बोनस मस्त घेतो’, सातव्या आठवड्यात ‘आज रिशांक खेळतोय ना?’ स्टार असाच तयार होतो. एका थरारक रात्रीतून नाही, सवयीतून.

याच लीगमध्ये उलटा पुरावाही आहे. २०१६ मध्ये पुरुषांच्या मोसमाला जोडून महिलांचं ‘चॅलेंज’ झालं. तीन संघ, मोजके सामने. मुंबईची अभिलाषा म्हात्रे, अर्जुन पुरस्कारविजेती आणि २०१२ची विश्वविजेती, एका संघाची कर्णधार होती. अंतिम सामना एका गुणाने सुटला. तीच वाहिनी, तोच पडदा, त्याच घरांतला तोच प्रेक्षक. पण दुसऱ्या वर्षी चॅलेंज झालंच नाही. अभिलाषा किंवा त्याच स्पर्धेत खेळलेली तेजस्विनीबाई रिशांकसारख्या घराघरात गेल्या नाहीत, याचं कारण त्या कमी होत्या हे नाही. लोकांना त्यांची सवय लागू दिली नाही.

*

आता विजेंदरचा हिशेब मांडू. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला तो व्यावसायिक बॉक्सर म्हणून पहिल्यांदा उतरला. मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षांत, एकूण लढती १३. त्यांतल्या आठ पहिल्या सव्वा वर्षात. २०१७ मध्ये दोन. २०१८ मध्ये एकही नाही. जेवढ्या वेळा रिशांक तीन महिन्यांत दिसला, तेवढ्या वेळा विजेंदर साडेपाच वर्षांत दिसला नाही.

त्यांतली एक लढत मुंबईतच होती, ५ ऑगस्ट २०१७, त्याच एनएससीआयमध्ये. समोर चीनचा झुल्पिकार मैमैतियाली. डोकलामचा तणाव चालू होता, त्यामुळे देशप्रेमाची फोडणी आपोआप पडली. अमिताभ बच्चन आले होते. दहा फेऱ्या झाल्या, तिन्ही पंचांनी विजेंदरला कौल दिला, पण दोघांनी फक्त एका गुणाने. आणि मग विजेंदरने सीमेवर शांतता नांदावी म्हणून झुल्पिकारकडून जिंकलेला पट्टा परत करायची तयारी दाखवली. सिनेमात शोभावी अशी ही रात्र. सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर. पुढची लढत डिसेंबरात जयपूरला, त्यानंतर थेट २०१९चा जुलै. दीड वर्ष! इतक्या काळात मालिकेतला नायक बदलला तरी प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही.

पहिला पराभव गोव्यात झाला. १९ मार्च २०२१, पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर. रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत त्याला थांबवलं. नदीवरचा वारा, जहाजाचे दिवे, डेकवर ठोकलेली रिंग. कॅमेऱ्यासाठी यापेक्षा देखणी जागा कुठे मिळणार? जागा देखणी करावी लागते ती तारीख नेमाने येत नसली की.

इथे बॉक्सरचा दोष नाही. कबड्डीपटू रात्री सामना खेळून सकाळी उठतो, खांद्याला बर्फ लावतो, परवा पुन्हा मॅटवर. बॉक्सर डोक्यावर ठोसा खाऊन पडला तर वैद्यकीय नियमाने किमान महिनाभर त्याला रिंगमध्ये पाऊल ठेवता येत नाही. न पडताही मोठ्या लढतीची तयारी दोन-तीन महिने चालते, वजन उतरवावं लागतं. टीव्हीला रोजचा रतीब हवा आणि हे शरीर रतीब घालणारं नाही. फुकट की विकत, हा त्यानंतरचा प्रश्न.

अमेरिकेने हा रतीब घालून पाहिला होता. १९४०च्या दशकापासून १९६० पर्यंत एनबीसीवर दर शुक्रवारी रात्री जिलेट कंपनीच्या पैशाने बॉक्सिंग असे. पूर्णपणे फुकट. दाढीची पाती विकायची होती ना. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, सोन्याची खाण सापडली. मग गल्लीबोळातले छोटे क्लब रिकामे पडू लागले. तिकीट काढून अनोळखी पोरांची लढत कशाला पाहायची, घरी विजेते दिसतायत की! ‘न्यू यॉर्कर’चे ए. जे. लीबलिंग यांनी तेव्हाच यावर संतापून लिहिलं होतं. पोरं घडत होती त्या क्लबांतच. तिथली आवक थांबली आणि शुक्रवार तर दर आठवड्याला येतोच, म्हणून अर्धेकच्चे मुलगे कॅमेऱ्यासमोर ढकलले जाऊ लागले. एकदा हरला की प्रायोजकाला नको. २४ मार्च १९६२ला एबीसीवर एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला कोपऱ्यात गाठून मारलं, ते देशाने थेट पाहिलं. पॅरेट दहा दिवसांनी गेला. दोन वर्षांत नियमित बॉक्सिंग वाहिन्यांवरून उतरलं.

तरीही शुगर रे लेनर्ड झालाच. १९७६चं माँट्रियल ऑलिंपिक एबीसीने दाखवलं, तो सुवर्ण घेऊन घरी आला, आणि १९७७च्या फेब्रुवारीत त्याची पहिलीच व्यावसायिक लढत सीबीएसवर. लोक चेहरा विसरायच्या आत तो पुन्हा समोर, मग पुन्हा, मग पुन्हा. पुढे २०१५ मध्ये अल हेमन या प्रवर्तकाने तर गंगा उलटी वाहवली. वाहिनीने त्याला पैसे द्यायचे सोडून तोच वाहिन्यांना पैसे मोजून वेळ विकत घेऊ लागला आणि मोफत प्रेक्षकाला लढती दाखवू लागला. त्यातून हाती काय आलं? एरल स्पेन्स. रिओ ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशी बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर लगेच त्याची लढत लावली, सुमारे ४८ लाख लोकांनी ती पाहिली. तीन वर्षांत त्याच्या नावावर टेक्सासचं फुटबॉलचं स्टेडियम भरू लागलं. पण हेमनचे इतर कितीतरी बॉक्सर त्याच वाहिन्यांवर आले आणि गेले. त्याच २०१५ साली मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत ४६ लाख घरांनी जवळजवळ शंभर डॉलर मोजून पाहिली. म्हणजे भिंतीआडही स्टार असतात. ते भिंतीआड जाण्यापूर्वी वर्षानुवर्षं दिसत होते, एवढंच.

*

अजून एक बाब, जिच्याकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चेहरा. बीजिंगला विजेंदर लढला तो डोक्याला शिरस्त्राण बांधून. गाल झाकलेले, कपाळ झाकलेलं, दिसत होतं नाक आणि दात. २०१३ पासून पुरुषांचं शिरस्त्राण गेलं. महिलांचं पॅरिस २०२४ पर्यंत तरी कायम होतं. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत महिलांच्या जागतिक स्पर्धेत भारताने चार सुवर्णं जिंकली: नीतू घंघास, स्वीटी बूरा, निखत झरीन, लवलिना बोर्गोहेन. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हूडा जगज्जेत्या झाल्या. यांतल्या निखत आणि लवलिना सोडून एकीचा तरी चेहरा डोळ्यांसमोर आणून दाखवा. घाटकोपरच्या स्टेशनवर यांतली कुणी शेजारी उभी राहिली तरी आपण तिला सरकून घ्या म्हणू.

महाराष्ट्रातही कमी नाही. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला युवा जगज्जेती झाली, पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनला. त्यांच्या बातम्या आल्या, सत्कार झाले. नेमाने बघायचं कुठे, तर कुठेच नाही.

लीगचे प्रयोग झाले नाहीत असंही नाही. २०१७ मध्ये आमिर खानच्या (सिनेमावेड्यांनी गोंधळू नये, हा ब्रिटिश बॉक्सर) सहभागाने ‘सुपर बॉक्सिंग लीग’ आली, सिनेमावाल्यांनी संघ घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये ‘बिग बाउट’. सहा संघ, मेरी कोमसकट, ‘बॉम्बे बुलेट्स’ नावाचा आपलाही एक. गुजरात जिंकलं. स्टार स्पोर्ट्सवर ती दिसलीही. पण तीन आठवडे. मग करोना आला, दुसरा मोसम झाला नाही. कबड्डीचाही पहिला मोसम पाच आठवड्यांचाच होता, पण तिला दुसरा, तिसरा, चौथा मिळाला. स्टारने २०१५ मध्ये प्रो कबड्डी चालवणाऱ्या कंपनीचा ७४ टक्के हिस्साच विकत घेतला. घर आपलं असलं की माणूस रंग लावतो, भाड्याचं असलं की पोपडे निघाले तरी बघत बसतो. बॉक्सिंगला आजवर सगळे भाडेकरूच मिळाले.

दहीहंडीचंच बघा. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावले, गिनेसमध्ये नाव गेलं, बातम्यांच्या वाहिन्या दिवसभर थेट दाखवतात. २०२५ मध्ये जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने दहा थर लावले. पथकांची नावं झाली. सर्वांत वर चढणाऱ्या पोराचं नाव किती जणांना माहीत आहे? वर्षातून एक दिवस दिसल्याने मंडळ मोठं होतं, माणूस नाही.

*

उपनगरातली बॉक्सिंग जिम संध्याकाळी सहानंतर भरते. आतमध्ये घामाचा आणि जुन्या चामड्याचा वास. कोपऱ्यातल्या बाकावर पोरं हाताला पट्ट्या बांधत बसलेली. साडेचार मीटरची पट्टी. टोकाचा फास अंगठ्यात अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, तळव्यावरून उतरून बोटांच्या पेरांवर तीन, मग दोन बोटांच्या मधून एकेक फेरा, पुन्हा मनगट, शेवटी वेल्क्रो. नवखा पोरगा ती इतकी आवळतो की बोटं पांढरी पडतात. प्रशिक्षक न बोलता ती उलगडून परत बांधायला लावतो. त्यानंतर ग्लोव्हज. मग तीन मिनिटांची घंटा आणि पॅडवर पडणारे ठोसे. दोनशे फुटांवर रिक्षांची रांग असते, त्यांना हा आवाजही जात नाही.

या जिममध्ये येणारे दोन प्रकारचे. सकाळी येतात ते वजन उतरवायला, काही जण मालिकांत काम मिळावं म्हणून अंग घोटायला. यांच्या फीवर जिमचं भाडं निघतं. संध्याकाळची पोरं वेगळी. त्यांच्या आईबापांच्या डोक्यात टीव्ही नाही. दहावीला क्रीडागुण मिळतील, सरकारी भरतीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत किंवा पोलिसांत लागला तर जन्माचं भलं होईल, हा त्यांचा हिशेब. अगदी रास्त हिशेब आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये निवड झाली तर सोन्याहून पिवळं. जिल्हा स्पर्धा, राज्य स्पर्धा, शालेय स्पर्धा. मुंबई उपनगर हा १९९० पासून स्वतंत्र जिल्हा, त्यामुळे इथल्या पोराला शहराच्या पोराशी नाही, आधी आपल्याच जिल्ह्यात भिडावं लागतं. हे सामने दिसतात ते कुणाच्या तरी मोबाइलवरून यूट्यूबला. घरचे, मित्र, क्लासचे सर बघतात. बस्स.

या सामन्यांना कुणी फुकटची वाहिनी द्या म्हटलं, तर मी म्हणेन, घाई करू नका. अमेरिकेतल्या शुक्रवारसारखं इथे सुरू केलं तर जिल्ह्याच्या स्पर्धा बंद पडायला दोन वर्षं पुरतील. आणि पोरं कच्ची असतानाच दिव्यांखाली येतील. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट करून पाहता येईल. आठ बॉक्सर निवडा, चार मुली चार मुलगे. महाराष्ट्रातलेच निवडा: नागपूर, पुणे, अकोला, मुंबई. प्रत्येकाच्या वर्षाला चार-पाचच लढती, त्याहून अधिक नाहीत. पण महिन्याचा दुसरा रविवार पक्का, संध्याकाळी सात, मराठी वाहिनी. लढत नसलेल्या रविवारीही तेच चेहरे: कुणाचं वजन किती उतरलं, कुणाचं मनगट सुजलंय, कुणाच्या आईला लेकीने हे खेळू नये असं वाटतं. डब्ल्यूडब्ल्यूएफने आपल्याला तीस वर्षांपूर्वी हेच शिकवलं, की दोन लढतींच्या मधल्या काळात माणूस दिसला पाहिजे. वैर रचायची गरज नाही, नागपूर आणि पुण्याला ते शिकवावं लागत नाही.

खर्च? मालिकेच्या एका लग्नसोहळ्याच्या भागाला जेवढे दागिने लागतात, त्याहून जास्त नसावा. अडचण पैशाची कमी आणि धीराची जास्त आहे. पहिल्या चार-सहा महिन्यांत कुणी बघणार नाही. वाहिनीतला कुणीतरी तक्ता काढून आकडे दाखवेल आणि त्या रविवारी पुन्हा जुना सिनेमा लागेल. कबड्डीला पहिल्या दिवशीच प्रेक्षक मिळाला, कारण कबड्डी प्रत्येकाने शाळेत खेळलेली होती. बॉक्सिंग कुणी खेळलेलं नाही. गुण कसे मोजतात ते कुणाला कळत नाही. दहा विरुद्ध नऊ असा गुण का पडला, हे समालोचकाने दर वेळी सांगावं लागेल, आणि तेही शंभर वेळा सांगून झाल्यावरच आजी म्हणेल की हा नऊ मिळवणारा आज डावा हात खाली ठेवतोय.

लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार की नाही, याचाच कित्येक वर्षं घोळ चालला होता. तो २०२५ मध्ये सुटला, बॉक्सिंग राहिलं. म्हणजे २०२८च्या जुलैत पंधरा दिवस पुन्हा सगळे टीव्हीसमोर बसतील आणि कुणीतरी नवं नाव आपल्या तोंडी येईल. ते नाव ऑगस्टनंतरही तोंडी राहायचं असेल, तर त्याच्या पुढच्या लढतीची तारीख आणि वाहिनी जुलैच्या आधीच ठरलेली असायला हवी.